८×४२ दुर्बिणीतून शिकारी पक्ष्यांची पोरं: एक हिवाळा, एक सोलापुरी उन्हाळा वापरून

घेतानाच ठरवलेलं की ह्या दुर्बिणीतून घार, शिक्रा, भोवत्या (म्हणजे हॅरियर, गवतावरून खाली उडणारा शिकारी पक्षी) आणि त्यांची पोरं वेगळी ओळखता आली तरच पैसे वसूल. तर येतात ओळखता, फक्त रंगावर जाऊ नका.

८ पट मोठं दिसतं, पुढचं भिंग ४२ मिलीमीटरचं, त्यामुळे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर नीट उजाडायच्या आधीपण चित्र उजळ येतं. १० पटवाली नवीन माणसानं घेऊ नये असं माझं मत, हात हलतो आणि उडता पक्षी भिंगात सापडेपर्यंत तो पार पलीकडच्या बोरामणी गावाला पोचलेला असतो.

आता खोट. दुपारच्या पांढऱ्याफटक आभाळावर पक्षी धरला की पंखांच्या कडेला जांभळी झाक येते आणि पोट सगळं काळपट दिसतं. एप्रिल-मे मध्ये तर जमिनीलगतची हवाच लटलट हलते, तिथं महागडी दुर्बीणपण काय करणार. म्हणून मी आकार आणि रेघा बघायला लागलो आणि खरं सांगू, पिल्लांसाठी तेच लई कामाचं आहे. मोठ्या घारीची पिसं गळत असली की पंखात फटी दिसतात, पिल्लाची सगळी पिसं एकदमच आलेली असतात त्यामुळे कडा एकसारखी, शेपटीची खाच उथळ, अंगावर फिकट ठिपके. खाच अजिबात नाही, शेपटी गोल आणि अंग तपकिरी असेल तर ब्राह्मणी घारीचं पिल्लू आहे का बघा. मित्र प्रत्येक वेळी म्हणतो, "बे, घारच हाय की ती!"

सगळ्यात मजा शिक्र्याची. रेल्वे लाइन्सकडच्या कडुनिंबावर पिल्लू बसलेलं, सावलीत, त्यामुळे जांभळी झाक नाही. पाठ तपकिरी, गळ्याच्या मधोमध एक ठळक काळपट रेघ आणि छातीवर तपकिरी थेंब वरून खाली ओघळल्यासारखे. मोठ्या शिक्र्याला तिथं बारीक आडव्या तांबूस पट्ट्या असतात, पाठ राखाडी, नराचा डोळा लाल. उभं की आडवं एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं. (घरट्याजवळ जाऊन बघू नका हो, लांबूनच दिसतं सगळं.)

हिवाळ्यातल्या भोवत्यांपुढे मात्र हात टेकले. माँटेग्यू आणि पांढुरका ह्या भोवत्यांच्या दोन जाती, दोघांच्याही पिल्लांचं पोट रेघा नसलेलं नारिंगी-तपकिरी. पांढुरक्याच्या मानेभोवती फिकट कॉलर आणि त्यामागे गडद पट्टा असतो, पण पक्षी गवतावरून एवढा खाली आणि सरसर जातो की फोकसचं चाक फिरवेपर्यंत मान निघून गेलेली. इथं कॅमेराच पाहिजे.

दुर्बिणीचा पट्टा फालतू आहे, मानेला काचतो, दुसरा लावा. डोळ्याकडचं रबर सैल झालं तर दुकानदार म्हणाला वॉरंटीत बसत नाही, शेवटी फेविक्विकनं चिकटवलं. धुळीला ब्लोअर मारा, शर्टानं पुसू नका. दहा हजारांच्या आत बसत असेल तर घ्या.