कंपोस्टचा डबा, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या फेब्रुवारीत आम्ही घरच्या घरी खत करण्यासाठी दोन डब्यांचा संच विकत घेतला. प्रत्येक डबा 40 लिटरचा, तळाशी जाळी, जाळीखाली पाणी साठण्यासाठी कप्पा, कप्प्याला तोटी, आणि सोबत जिवाणू मिसळलेल्या नारळाच्या भुशाची एक पिशवी. बनवणाऱ्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाजारातले बरेच संच याच आराखड्याचे असतात आणि मला जे सांगायचे आहे ते त्या सर्वांना लागू पडेल. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आहे. घरात पाच माणसे, आठवड्यातून किमान चार दिवस मासळी, परसात सहा माड, एक हापूस आणि एक फणस. पुण्यातल्या गच्चीवरचे अनुभव वाचून कोणी कोकणात असा डबा घेणार असेल, तर त्याने आधी आमचा पावसाळा कसा गेला ते वाचावे.

माहितीपत्रकात 45 दिवसांत खत तयार होईल असे छापलेले आहे. ते खोटे नाही, पण त्याने हिशोब पुरा होत नाही. आमच्या स्वयंपाकघरातून देठे, साली, चहाचा चोथा आणि उरलेसुरले अन्न मिळून रोज किलोभर ओला कचरा निघतो, हे आम्ही आठवडाभर काट्यावर तोलून पाहिले. त्यात पातेरा, म्हणजे परसातला वाळका पालापाचोळा, मिसळला की एक डबा महिनाभरात भरतो आणि मग दुसरा वापरात येतो. तोही महिनाभरातच भरतो, म्हणजे पहिल्याला पिकायला मिळतात जेमतेम तीस दिवस. पाच माणसांच्या घराला दोन डबे पुरत नाहीत. आम्ही शेवटी तडा गेलेले एक निळे पिंप घेतले, त्याला गिरमिटाने चहूबाजूंनी भोके पाडली आणि अर्धवट पिकलेला माल त्यात ओतू लागलो. गंमत अशी की, या फुकटच्या पिंपाने विकतच्या संचाइतकेच, किंबहुना जास्त काम केले आहे.

जिवाणूंची पिशवी तीन महिन्यांत संपली. ती पुन्हा मागवण्याची गरज नाही. तयार खताच्या दोन मुठी आणि आंबट ताकात कालवलेले थोडे शेण नव्या थरावर शिंपडले की तेच काम होते.

मे अखेरपर्यंत सगळे इतके सुरळीत चालले होते की मी शेजारच्या दोन घरांना हा संच घ्यायला सांगितले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला, चार दिवस झड धरली, आणि पाचव्या दिवशी सकाळी झाकण उचलले तर सडलेल्या कोबीसारखा वास थेट माजघरापर्यंत गेला. आतला थर काळपट आणि चिकट झाला होता आणि झाकणाच्या कडेने तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या ओळीने वर चढत होत्या. सासूबाई खळ्यातून म्हणाल्या, "अगो, ह्यापेक्षा आपली गायरी काय वाईट होती?" गायरी म्हणजे शेण-कचरा टाकायचा परसातला खड्डा. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. अळ्यांच्या बाबतीत पुढे एवढे कळले की त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, घरमाशीसारखा रोग पसरवत नाहीत आणि कचरा मात्र झपाट्याने फस्त करतात. पाहवत नसतील तर वर पातेऱ्याचा जाड थर द्यावा, मारू नयेत.

वास येण्याचे कारण वेगळे होते. खत होण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण साधारण 30 ला 1 असावे लागते. भाजीपाल्यात नत्र अधिक, तर वाळल्या पानांत, भुशात आणि कागदात कर्ब अधिक. जोडीला हवा खेळती हवी, कारण ओलावा फार झाला की पोकळ्या पाण्याने भरतात, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. जिथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घरातले मीठसुद्धा पाणी सोडते, तिथे कोरडा माल हीच खरी गरज असते. नेमका तोच आमच्याकडे नव्हता, कारण दरवर्षीप्रमाणे एप्रिलमध्ये आम्ही परसातला सगळा पातेरा एका कोपऱ्यात गोळा करून जाळून टाकला होता. जूनमध्ये मग सुताराकडून भुसा आणला आणि वर्तमानपत्रे फाडून घातली. जून-जुलैमध्ये भरलेल्या डब्याचे खत व्हायला अडीच महिने लागले.

येत्या एप्रिलसाठी दहा गोणी बाजूला काढून ठेवल्या आहेत. मृगाआधी पातेरा कोरडा असतानाच भरून माळ्यावर टाकायचा. डबा घेणार असाल तर आधी या गोणी ठेवायला जागा आहे का ते पाहा. ओलावा तपासण्याची सोपी रीत अशी की मूठभर माल घट्ट पिळावा. बोटांच्या फटीत एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवावा.

तोटीबद्दल मात्र तक्रार आहे. ती दुसऱ्याच महिन्यात तुंबली, आणि साफ करायला उघडल्यावर गळू लागली. विक्रेत्याला तीनदा कळवूनही उत्तर आले नाही. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवला, तो अजून टिकून आहे. त्या तोटीतून येणारा काळा अर्क दहापट पाण्यात मिसळून झाडांना द्यावा. एकदा घाईत तसाच ओतला तेव्हा अबोलीची पाने करपली.

मासळीचा प्रश्न या डब्याने सुटत नाही आणि तो सुटेल अशी अपेक्षाही ठेवू नये. बांगड्याची आतडी आणि कोलंबीची टरफले डब्यात घातली तर वासाने मांजरेच नव्हे, सगळी वाडी गोळा होईल. आमच्याकडे पूर्वीपासून जी रीत आहे तीच चालू ठेवली. माडाच्या बुंध्यापासून चार हात दूर, हातभर खोल खड्डा काढायचा, त्यात मासळीचा कचरा, वर राख आणि माती, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून सर्वांत वर जांभ्याचा चिरा. दर वेळी जागा थोडी सरकवायची. तिसऱ्या नावाच्या मासळीच्या शिंपल्या मात्र डब्यातही कुजत नाहीत आणि खड्ड्यातही नाहीत, कारण त्या म्हणजे मुळात चुनाच; कोकणात शिंपल्या भाजूनच चुना करत असत. त्या फोडून, चुरून झाडांच्या आळ्यात टाकतो. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तिला तो चुना हळूहळू उपयोगी पडतो. आंब्याच्या कोयींचेही तसेच. मे महिन्यात टाकलेल्या कोयींना डब्यात कोंब फुटले, पण त्या कुजल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या जवळच्या रोपवाटिकेत देणार आहे, कोयकलमांसाठी त्यांना त्या हव्याच असतात. फणसाचा पाव (मधला गाभा) आणि चारखंडे (काटेरी साल) शेजारच्या गाईला.

ओला कचरा घरातच जिरू लागल्यावर जे उरले ते पाहून मला खरी लाज वाटली. आमच्या न्हाणीघरात अजून चूल आहे, आणि पावसाळ्यात लाकडे ओली असली की ती पेटवायला दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, क्वचित पायपुसणीचा रबरी तुकडासुद्धा आत जात असे. हे वर्षानुवर्षे चालले होते. प्लास्टिक अर्धवट जळाले की विषारी वायू निघतात, पीव्हीसी या प्रकारच्या प्लास्टिकमधून तर डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्येही निघतात, आणि हीच राख आम्ही अळवाच्या वाफ्यात टाकत होतो. आता चूल पेटवायला सोडणे (नारळाची सुकी साले) आणि करवंट्या वापरतो. करवंटी दुधाच्या पिशवीपेक्षा चांगली पेटते, हे कळायला डबा विकत घ्यावा लागला.

सुक्या कचऱ्याची घंटागाडी आठवड्यातून दोनदा येते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण वेगळा करू नये, कारण तो कपटा कुठल्याच पुनर्वापरात न जाता थेट व्हाळात (ओढ्यात) पोहोचतो. पिशवी उलटी करून, विसळून, पडवीतल्या दोरीला चिमट्याने अडकवतो. कागद, पुठ्ठा, पत्रा आणि त्रिकोणात 1 किंवा 2 हा आकडा असलेल्या बाटल्या भंगारवाला आनंदाने नेतो. वेफर्सची चकचकीत पाकिटे तो हातात धरत नाही, कारण त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. ती गाडीत जातात. सिमेंटच्या भट्ट्यांत असा माल इंधन म्हणून वापरला जातो.

गणपतीत मुंबईहून माणसे आली तेव्हा घडी थोडी विस्कटली. डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे, हे प्रत्येकाला नव्याने सांगावे लागले. निर्माल्याची अडचण झाली नाही. दोरा आणि जरीची तार काढून टाकली की ते डब्यात सर्वांत लवकर मुरते.

ज्या वस्तूंसाठी बाजारात कोणताही डबा मिळत नाही त्यांच्यासाठी आम्ही लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी ठेवली आहे. आमच्या खाऱ्या हवेत पत्र्याचा डबा वर्षभरात गंजून जातो, म्हणून प्लास्टिकची. त्यात संपलेले सेल, मुदत संपलेल्या गोळ्या आणि एक फुगलेली मोबाइलची बॅटरी होती, ती पाहिल्यावर मात्र बॅटरी वेगळ्या डब्यात वाळू घालून घराबाहेर ठेवली, कारण अशा बॅटऱ्या पेट घेतात. सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण चिकटपट्टीने बंद करून. ऑगस्टमध्ये पडवीत जुना सीएफएल दिवा फुटला. त्यात थोडा का होईना पारा असतो, म्हणून मुलांना बाहेर काढले, दारे-खिडक्या उघडून पंधरा मिनिटे थांबलो, झाडू न लावता लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने काचा गोळा केल्या, उरलेली भुकटी चिकटपट्टीने टिपली आणि सगळे काचेच्या बरणीत बंद केले. बागेत तुडतुड्यांसाठी फवारणी होते, तिच्या औषधांच्या बाटल्या पूर्वी धुऊन रॉकेलला वापरत. आता त्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओततो आणि बाटलीला भोक पाडून ती निकामी करतो. व्हाळात विसळण्याचा विषयच नाही, खाली चार घरांच्या विहिरी आहेत.

या बरणीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न बाकी आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते, आणि घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावे अशी तरतूद होती. आमच्यापासून जवळ असे केंद्र मला अजून सापडलेले नाही. लहान गावाला हे जमत नाही, हे मात्र कोणी सांगू नये. सिंधुदुर्गात वेंगुर्ले नगरपरिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरातच कचरा वेगळा करण्याची सवय लावून डम्पिंग ग्राउंडचे रूपच पालटले. तिथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात जातो आणि लोक ती जागा पाहायला येतात.

संचाला पाचपैकी साडेतीन गुण देईन. अर्धा गुण तोटीचा, एक गुण दोन डब्यांच्या अपुऱ्या हिशोबाचा कापला. काल पिंपातले खत चाळणीवर घेतले. ओंजळीत पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येत होता. चाळणीत वर उरले ते असे: सफरचंदावरचे सात स्टिकर, दोन रबरबँड, एक अखंड कोय, आणि जुलैपासून सासूबाई शोधत होत्या ती चहाची गाळणी.