दुर्मिळ इलेक्ट्रो-मेकॅनिकल आर्केड खेळ: यंत्र चालतं करायचं, जपून ठेवायचं, की संगणकावर उतरवायचं?

जुनं इलेक्ट्रो-मेकॅनिकल आर्केड यंत्र, म्हणजे नाणं टाकून खेळायचं, संगणकाच्या चिपशिवाय मोटर, स्विच आणि दिव्यांवर चालणारं यंत्र, हाती आलं की तीन वाटा समोर दिसतात: दुरुस्त करून पुन्हा खेळतं करणं, आहे तसं जतन करणं, किंवा त्याचा खेळ संगणकावर उभा करणं. तिन्ही वाटांचे खंदे समर्थक आहेत. पण एक फरक आधीच लक्षात घ्यायला हवा. संगणकावरचं काम चुकलं तर पुन्हा करता येतं. यंत्रावर एकदा घासलेला कॉन्टॅक्ट (वीज जोडणारं-तोडणारं धातूचं टोक) किंवा पुसला गेलेला रंग परत येत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ज्या यंत्राचे जगात मोजकेच नग उरलेत, त्याला पाना लावण्याआधी कॅमेरा, मायक्रोफोन आणि मोजपट्टी लावावी.

व्हिडिओ गेमच्या जगातून येणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. १९९७ पासून विकसित होत आलेला मेम (MAME) हा एम्युलेटर मूळ चिपमधला प्रोग्राम वाचतो आणि त्याच्याभोवती मूळ हार्डवेअरचं वागणं उभं करतो. सेगाच्या १९६६ च्या ‘पेरिस्कोप’मध्ये वाचायला प्रोग्रामच नाही. साखळीवर सरकणारी जहाजं, टॉर्पेडोची वाट दाखवत एकामागून एक पेटणारे दिवे, आणि या सगळ्याचा मेळ घालणारे रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) व मोटर. खेळाचे नियम कॅमच्या (मोटरवर फिरणाऱ्या चकतीच्या) खाचांत, कॉन्टॅक्टच्या पट्ट्यांत आणि साखळीच्या वेगात आहेत. पिनबॉल, म्हणजे उतरत्या टेबलावर गोळी टोलवायचा खेळ, त्यातही हेच दिसतं. पिनमेम हा एम्युलेटर इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे मूळ प्रोग्राम चालवतो, पण त्याआधीच्या रिलेवाल्या टेबलांसाठी व्हिज्युअल पिनबॉल या सॉफ्टवेअरमध्ये सगळे नियम कुणीतरी हाताने लिहावे लागतात. हे एम्युलेशन नाही, पुनर्रचना आहे. आणि पुनर्रचना तेवढीच खरी, जेवढं मूळ यंत्राचं निरीक्षण खरं.

मग सर्किटच जसंच्या तसं संगणकावर सिम्युलेट केलं, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल चालवली तर? कल्पना चांगली आहे. ‘पाँग’ या सुरुवातीच्या व्हिडिओ गेममध्येही प्रोसेसर नाही, तरी मेम त्याचं लॉजिक सर्किट सिम्युलेट करून तो खेळ चालवतं. रिले तर लॉजिक चिपपेक्षा संथ आणि समजायला सोपे. अडचण पुढे येते: अर्धा खेळ तारांच्या बाहेर असतो. कास्को कंपनीच्या १९६८ च्या ‘इंडी ५००’वर बेतलेला शिकागो कॉइन कंपनीचा १९६९ चा ‘स्पीडवे’ हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घ्या. रस्ता आणि इतर गाड्या फिरत्या पारदर्शक चकत्यांवर, मागून दिवा, आणि प्रतिमा पडद्यावर. दिव्याचं अंतर थोडं हललं तरी कडा मऊ होतात, चित्राचा आकार बदलतो. कोणताही सर्किट डायग्राम हे सांगत नाही. त्यासाठी चकती स्कॅन करावी लागते, दिवा-चकती-पडदा ही अंतरं मोजावी लागतात.

सगळ्यात जास्त चुका वेळेच्या बाबतीत होतात, म्हणून जरा खोलात जातो. त्या काळच्या कितीतरी यंत्रांत पन्नास गुणांचं लक्ष्य लागलं की स्कोअर मोटर फिरते, तिच्यावरच्या कॅमने कॉन्टॅक्ट पाच वेळा मिटतो आणि दहा-दहा करून गुण जमा होतात. खट-खट-खट-खट-खट. तेवढ्यात दुसरं दहाचं लक्ष्य लागलं तर ते बऱ्याचदा मोजलंच जात नाही, कारण दहाचा रिले आधीच गुंतलेला असतो. सराईत खेळाडू त्या खटखटीचा अंदाज घेऊन नेम धरायचे. संगणकावर थेट पन्नास मिळवून टाकले की खेळ दिसायला तोच राहतो, खेळायला वेगळा होतो. त्यात आणखी एक मेख आहे. ६० हर्ट्झसाठी बनलेली एसी मोटर ५० हर्ट्झच्या विजेवर साधारण एक षष्ठांशाने मंदावते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज जुळवतो, फ्रिक्वेन्सी नाही. त्यामुळे चालत्या यंत्राचा व्हिडिओ प्रमाण मानण्याआधी ते कुठल्या विजेवर चालत होतं हे विचाराच.

आता दुरुस्तीची बाजू. तिच्यासारखा आनंद दुसऱ्या कशात नाही, हे मनापासून मान्य. ट्रिगरचा जडपणा, कॉइल (विद्युतचुंबक) ओढताना कॅबिनेटमधून हाताला येणारा धक्का, काळ्या प्रकाशात (अतिनील दिव्याखाली) चमकणारे रंग, आरशातून तरंगत्यासारखं दिसणारं लक्ष्य: पडद्यावर यातलं थोडंच उतरतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझे मेकानिकमध्ये जुनी यंत्रं आजही नाणं टाकून खेळता येतात, आणि तिथे लहान मुलं ज्या कुतूहलाने काचेला चिकटतात ते पाहिलं की यंत्र चालतं ठेवण्यामागचं कारण पटतं.

पण प्रत्येक दुरुस्ती काहीतरी पुसते. स्टेपर युनिटमधलं (एकेक पायरी सरकत मोजणी करणाऱ्या भागातलं) वाळून लाखेसारखं कडक झालेलं ग्रीस काढावंच लागतं, त्याला इलाज नाही. कॉन्टॅक्टची पट्टी मात्र ‘थोडीशी’ वाकवण्याआधी मूळ फट मोजून लिहून ठेवावी, आणि चांदीच्या टोकांवर सँडपेपर कधीच चालवू नये. फ्लोरोसंट रंग उडाले म्हणून नव्याने रंगवले तर मूळ छटेचा पुरावा गेला. काही बंदुकीच्या खेळांत आवाजासाठी ८-ट्रॅक टेप (कार्ट्रिजमधली, टोकं जोडून सतत फिरणारी ध्वनिफीत) असायची. तिच्या कार्ट्रिजमधला रबरी रोलर चिकट होतो, फोमच्या पॅडचा भुगा होतो, दोन टोकं जोडणारी पट्टी सुटते. ‘वाजते का बघू’ म्हणून ती तशीच घातली तर टेप आत गुंडाळली जाऊन आवाज कायमचा जाऊ शकतो. आधी पॅड, रोलर आणि जोड नवे, मग चांगल्या डेकवर डिजिटल प्रत, आणि यंत्रात वाजवायचीच असेल तर नवी टेप.

न चालवता जपणं ही संग्रहालयांची वाट. घरी ती निभावणं कठीण असतं. कोरडी, स्थिर हवा आणि अंधार देता येत नसेल, तर नुसतं उभं ठेवलेलं यंत्रही गंजतच असतं.

मग निवड कशी करायची? यंत्र बऱ्यापैकी संख्येने शिल्लक असेल, सुटे भाग आणि डायग्राम मिळत असतील, तर बिनधास्त दुरुस्त करा आणि लोकांना खेळू द्या. मोजकेच नग उरले असतील तर आधी पूर्ण नोंद, मग संगणकावरची प्रतिकृती, आणि दुरुस्ती फक्त मागे फिरता येईल अशी: जुना भाग फेकायचा नाही, चिठ्ठी लावून त्याच कॅबिनेटमध्ये ठेवायचा. फक्त मोकळं कॅबिनेट आणि थोडी चित्रंच उरली असतील तर संगणक हाच खरा पर्याय. मात्र त्यातलं काय मोजलेलं आणि काय अंदाजाने भरलेलं, हे प्रतिकृतीसोबत ठळकपणे लिहा.

रिले काढून मायक्रोकंट्रोलर (छोटी संगणक-चिप) बसवण्याचा मध्यममार्ग दुर्मिळ यंत्रावर करू नये. तो ना धड मूळ खेळ ठेवतो, ना पुढच्याला काही मोजायला शिल्लक ठेवतो. फारच निकड असेल तर मूळ वायरिंग न कापता, कनेक्टरवर जोडता आणि काढता येईल एवढंच.

आणि नोंद म्हणजे चार फोटो नव्हेत. डायग्रामची मोठ्या रिझोल्यूशनची स्कॅन, प्रत्येक कॅमचा बाजूने आणि वरून फोटो पट्टीसकट, वेगवान कॅमेऱ्यावर स्कोअर मोटरची एक पूर्ण फेरी, प्रत्येक रिले, घंटी आणि मोटरचा वेगवेगळा, कॉम्प्रेस न केलेल्या फाइलमधला आवाज, काळ्या प्रकाशात आणि साध्या प्रकाशात घेतलेली रंगांची जोडचित्रं. हे सगळं एकाच डिस्कवर न ठेवता दुसऱ्या कुणाकडेही द्या, शक्यतो ज्यांच्याकडे त्याच यंत्राचा दुसरा नग आहे त्यांच्याकडे. दोन नगांची मापं जुळली नाहीत, की कोणता भाग झिजलाय किंवा बदललाय ते तिथेच कळतं.