परतवाड्यातलं गॅरेज, लांबच्या ट्रिपआधी गाडी दाखवाच
पहिलीच लांबची राईड, परतवाडा-चिखलदरा-सेमाडोह-धारणी, म्हणून इथं गाडी दाखवली अन् भाऊनं काम लय मस्त केलं. चेन २०-३० एमएम ढिली ठेवली, जास्त टाईट केली तर बेअरिंग खाते म्हणे, मागचे ब्रेक शू बदलले, क्लच केबल नवीन टाकली अन् जुनी फेकून न देता सीटखाली ठेवली, जंगलात मधात कुठी भेटणार हाय? घाट उतरताना न्यूट्रल नको, दुसऱ्या गिअरवर ये, हे दोनदा सांगतलं. चिखलदरा १,११८ मीटरवर हाय, उतरताना कळते बरोबर. पेट्रोल परतवाड्यातच फुल करा. लेबर वाजवी, पण 'अर्ध्या तासात देतो' म्हणजे दुपार समजा राजेहो. चार स्टार.