रविवारचं धर्मशिक्षण: नाव घालण्याआधी तुकडीची भाषा विचारा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्या-बागायतीत वसलेल्या एका मध्यम आकाराच्या कॅथलिक धर्मग्रामातल्या (पॅरिश, म्हणजे एका चर्चला जोडलेली वस्ती) मुलांच्या आणि मोठ्यांच्या धर्मशिक्षणाचा हा आढावा. धर्मग्रामाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आधी गुण देऊन टाकू: पहिली ते चौथी पाचपैकी चार, मोठ्यांचा बुधवारचा बायबल वर्ग साडेचार, आठवी-नववीची दृढीकरणाची (स्नानसंस्कारात मिळालेली श्रद्धा पक्की करणारा संस्कार) तुकडी अडीच.

मुलांची मिस्सा (चर्चमधली रविवारची मुख्य उपासना) आठला. ती सुटली की नऊ ते पावणेदहा वर्ग. पंचेचाळीस मिनिटं ही कागदावरची. मिस्सेनंतर आवारात वडापाव, मग हजेरी, मग ‘वही विसरलो’, असं करत हातात पस्तीस उरतात. वर्ष जूनला सुरू होतं. गणपती, दिवाळी, नाताळ, परीक्षा आणि जुलैत रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं ते रविवार वजा केले, तर वर्षाकाठी फार तर पंचवीस वर्ग होतात. पुस्तक मात्र त्याहून जास्त धड्यांचं. म्हणून डिसेंबरनंतर धडे धावत घेतले जातात, आणि जो धडा मुळात सावकाश घ्यायचा तोच धावतो. शिकवणारे धर्मग्रामातलेच, मानधनाशिवाय. त्यांच्या तयारीबद्दल तक्रार नाही.

तक्रार भाषेची आहे. बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमात जातात, म्हणून धर्मशिक्षणाची मोठी तुकडी इंग्रजी आणि मराठी तुकडी एकच, कोपऱ्यातल्या खोलीत. पालक सवयीने इंग्रजीत नाव घालतात. मुलाला ‘अवर फादर’ ही प्रार्थना घडाघडा येते. पण संध्याकाळी घरी आजी जपमाळ सुरू करते ती मराठीत, मधल्या गप्पा कादोडी या इथल्या बोलीत, आणि नातवंड नुसते ओठ हलवतं. दहा मिनिटांनी तेही थांबतं. वर्गात पाठ केलेली प्रार्थना घरात कुणी म्हणत नाही, घरातली वर्गात कुणी विचारत नाही. दोन्ही बिचाऱ्या सुटतात. आपल्या किनाऱ्याला हे नवं शिकवावं लागू नये. गोव्यात काम केलेले इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली येशूची कथा सांगणारं ‘ख्रिस्तपुराण’ ओव्यांमध्ये छापलं, कारण ज्यांना सांगायचं ते ओवी म्हणणारे होते. तेव्हा घरात ज्या भाषेत प्रार्थना होते ती तुकडी घ्या. शाळेची भाषा इथे गौण आहे.

तिसरीचा पहिल्या कम्युनियनचा (मिस्सेत येशूचं शरीर मानलेली भाकरीची चकती पहिल्यांदा घेण्याचा) वर्ग हा मुलांच्या वर्गांतला खरा उत्तम वर्ग. सात वर्षांच्या आसपास मुलाला समज येते आणि तेवढी समज कम्युनियनला पुरे, हे पोप दहावे पायस यांनी १९१० मध्येच ठरवून दिलं. इथे आठव्या-नवव्या वर्षी देतात, ते ठीकच. क्रम पक्का आहे: आधी पापनिवेदन (फादरांपुढे आपल्या चुका कबूल करणं), मग कम्युनियन. पापनिवेदनात गडबड होते ती एकाच जागी. मुलं पापांची यादी पाठ करून येतात, आणि सगळ्यांची यादी सारखी: खोटं बोललो, आईचं ऐकलं नाही, भावाला मारलं. इथल्या बाई यादी देतच नाहीत. दहा आज्ञा फळ्यावर लिहितात आणि प्रत्येकाने गेल्या सोमवारपासूनचा आपला आठवडा त्यांच्याशी मनात ताडून पाहायचा, लिहायचं काही नाही. पश्चात्तापाची प्रार्थना ऐनवेळी विसरते, म्हणून ती मोठ्या अक्षरात छापून कन्फेशन बॉक्सच्या आत मुलाच्या नजरेच्या उंचीवर चिकटवलेली आहे. साधी गोष्ट, पण रडारड थांबते.

कम्युनियनची तालीम साध्या, आशीर्वाद न झालेल्या चकत्यांवर होते. चकती जेमतेम तीन सेंटिमीटरची, गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. कोरड्या तोंडात ती टाळूला चिकटते आणि मुलं बोट घालून सोडवायला जातात. तालमीचा अर्धा वेळ यातच जातो आणि जायलाच हवा. डावा तळहात वर, उजवा त्याच्याखाली, ‘आमेन’ ऐकू येईल असं, मग तिथेच उजव्या हाताने उचलून तोंडात, मगच वळायचं. हातात घेऊन चालत सुटणारं एक तरी पोर दर वर्षी निघतं. चिकटली तर जीभ हलवत थांबायचं, लाळेने ती आपोआप सुटते. आणि पालकांनो, कम्युनियनआधी एक तास उपवास असतो; पाणी आणि औषध चालतं, बिस्किट नाही. चर्चच्या पायरीवर ‘उपाशी आहे गं’ म्हणत क्रीम बिस्किट भरवणाऱ्या आया हा या वर्गाचा कायमचा वैताग.

चौथीला संत गोन्सालो गार्सिया येतात. वसईत जन्मलेला मुलगा, नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर हुतात्मा, १८६२ साली संतपद. धडा छोटा आहे. किल्ल्यात नेऊन घेतला तर मुलं विसरत नाहीत.

बायबल घेताना फसगत होते, तीही दर जूनमध्ये. बाजारात सहज मिळणारं मराठी बायबल बहुधा प्रॉटेस्टंटांचं, ६६ पुस्तकांचं असतं. कॅथलिक बायबलात ७३. मिस्सेत त्या जास्तीच्या पुस्तकांतलं, तोबीत किंवा मक्काबींचं, वाचन आलं की ६६वालं मूल पानं उलटत बसतं. दहा आज्ञांचे क्रमांकही अशा घरात गोंधळ घालतात, कारण आपल्याकडे मूर्तीबद्दलची आज्ञा पहिलीतच धरतात आणि लोभाच्या दोन वेगळ्या मोजतात. अनुक्रमणिका बघूनच पैसे द्या.

आता अडीच गुणांची तुकडी. दृढीकरण इथे नववीच्या आसपास, आणि त्याच रविवारी सकाळी दहावीच्या ट्युशनची डेमो बॅच. हजेरी निम्म्यावर येते. मग बिशप यायच्या आधीच्या सहा आठवड्यांत सगळं कोंबतात: पवित्र आत्म्याची सात दानं, बारा फळं, उभं कुठं राहायचं, धर्मपित्याने (संस्काराच्या वेळी मुलाची जबाबदारी घेऊन मागे उभा राहणारा) उजवा हात खांद्यावर कधी ठेवायचा. पाठ होतं, पण विचारायला कुणी उरत नाही. तरुणांसाठी २०११ मध्ये निघालेलं ‘युकॅट’ हे धर्मशिक्षणाचं पुस्तक ५२७ प्रश्नोत्तरांचं आहे; आठवड्याला तीन प्रश्न घेऊन भांडायला दिलं तर ही मुलं बोलतात. इथे ते कपाटात आहे. धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना: वय किमान १६, स्वतःचं दृढीकरण झालेलं, आणि आई-वडील चालत नाहीत. दुबईहून येणाऱ्या मामाला नेमून ऐनवेळी त्याचं दृढीकरणच झालेलं नाही हे कळणं, हा प्रकार होतो.

मोठ्यांचा वर्ग बुधवारी संध्याकाळी साडेसातला, हॉलमध्ये. पद्धत साधी: येत्या रविवारचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरचा बायबलमधला उतारा) दोनदा वाचायचं, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात, मग पाच मिनिटं गप्प. त्यानंतर प्रत्येकाने फक्त अडलेला शब्द सांगायचा, प्रवचन करायचं नाही. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे: ‘अ’ वर्षी मत्तय, ‘ब’ वर्षी मार्क, ‘क’ वर्षी लूक. मार्क आखूड पडतो म्हणून ‘ब’ वर्षात योहानाचा सहावा अध्याय पाच रविवार चालतो, आणि हा वर्ग त्या पाच आठवड्यांत सर्वात रंगतो. कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षणाचा १९९२चा मोठा ग्रंथ (कॅटेकिझम) २,८६५ परिच्छेदांचा. तो पहिल्या पानापासून सलग वाचायला घेणारे गट तीन महिन्यांत गळतात. इथे उलटं करतात: शुभवर्तमानात जे अडलं तेवढाच परिच्छेद त्यात शोधतात. अर्धा गुण कापला तो डासांचा आणि एका काकांचा, जे प्रत्येकी दोन मिनिटंच बोलायच्या नियमात बसत नाहीत. पहाटेच्या लोकलने फुलं-भाजी घेऊन दादरला जाणाऱ्यांना साडेनऊनंतर बसवून ठेवणं अन्याय आहे, नऊला सोडा.

नावनोंदणी जूनच्या पहिल्या दोन रविवारी, मिस्सेनंतर ऑफिसच्या खिडकीत. स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला ज्या धर्मग्रामात संस्कार झाला तिथूनच नवा काढून आणा. मुंबईत जन्मलेल्या मुलांचे आई-बाबा इथेच अडकतात. जुनी झेरॉक्स चालत नाही, कारण दृढीकरण आणि लग्नाची नोंदही त्याच मूळ वहीत चढते. फी नावापुरती, पुस्तकाची किंमत तेवढी. आणि मराठी तुकडीत मुलं कमी भरली की ती इंग्रजीत मिसळून टाकतात, तेव्हा स्वतःचं नाव घालायला जाताना आळीतल्या आणखी दोन-तीन घरांना बरोबर घेऊन जा.