कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय: जपून वापरा

कमोडोर ६४ या १९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या, काळ्या ठोकळ्यासारख्या या सप्लायमधून दोन व्होल्टेज बाहेर पडतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. आत इपॉक्सी (घट्ट होणारे रेझिन) ओतलेले असल्याने उष्णता कोंडते आणि दुरुस्ती जवळपास अशक्य होते. ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बिघडला की व्होल्टेज बहुधा वर चढते आणि रॅमच्या (मेमरीच्या) चिपा जळतात. म्हणून जोडण्याआधी डिन प्लगच्या (संगणकात जाणाऱ्या गोल, अनेक पिनांच्या प्लगच्या) २ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर मल्टिमीटर लावा. ५.२५ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर सप्लाय बादच. अर्धा तास तापल्यावर पुन्हा मोजा, कारण थंड असताना दोष लपतो.

अमेरिकी सप्लाय १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. तो थेट २३० व्होल्टवर लावला तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण फ्रिक्वेन्सी आपल्याकडची ५० हर्ट्झच राहते. ५० हर्ट्झवर मूळ सप्लाय जास्त तापतो. शिवाय संगणकातल्या सीआयए चिपमधले (इनपुट-आउटपुट आणि वेळ सांभाळणारी चिप) घड्याळ ९ व्होल्ट एसीचे ठोके मोजते. ६० हर्ट्झची सेटिंग तशीच राहिली तर तासाला १० मिनिटे मागे पडते.

स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती संगणकाचा ९ व्होल्ट डीसी अडॅप्टर इथे चालत नाही, एसी लागतोच. ओव्हरव्होल्टेज संरक्षण असलेला, स्थानिक व्होल्टेजचा नवा सप्लाय घ्यावा, हेच माझे ठाम मत.