व्हॅनेडियमची डबी: न्यूट्रॉनला जवळपास दिसत नाही, पण हाताला फार नाजूक

न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनला (पावडरवर न्यूट्रॉनचा झोत सोडून आतली अणूंची रचना बघायची पद्धत) पावडर भरायला ही डबी घेतली, तीन बीमटाइम (झोतावर मिळालेल्या पाळ्या) वापरून झाली, आता लिहायला हरकत नाही. ६ मिमी व्यास, ०.१५ मिमीची भिंत, वर झाकण, स्क्रू आणि मधे इंडियमच्या तारेचं सील.

आधी कौतुक. न्यूट्रॉन बघतो न्यूक्लियस, त्यामुळे धातू जड की हलका यावरून काहीच अंदाज बांधता येत नाही, टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम ओळीने शेजारी बसलेत आणि त्यांची स्कॅटरिंग लेंग्थ (न्यूक्लियस न्यूट्रॉनला किती जोरात विखुरतो त्याचं माप) बघा, -३.४, -०.३८ आणि +३.६ फेम्टोमीटर, आता यात काय लॉजिक शोधायचं! पण त्या -०.३८ मुळेच आपलं काम होतं. व्हॅनेडियमचा कोहेरंट क्रॉस-सेक्शन (पीक्स बनवणाऱ्या विखुरण्याचं माप, बार्न हे त्याचं एकक) फक्त ०.०१८ बार्न, लोखंडाचा ११.२, म्हणजे डबीची स्वतःची ब्रॅग पीक्स (स्फटिकाच्या रचनेमुळे ठराविक जागी येणारे उंचवटे) जवळपास नाहीतच. रिकामी डबी रात्रभर लावून बघितली तर २.१४ अँगस्ट्रॉमच्या जागी मुंगीच्या डोक्याएवढा उंचवटा आला, बाकी रेषा सरळ. अॅल्युमिनियमच्या डबीत हेच केलं की पीक्सच पीक्स, मग त्यातली आपली कुठली आणि डबीची कुठली हे निवडत बसा.

पण हे सगळं फुकटात मिळत नाही हे विकणारे सांगत नाहीत. इनकोहेरंट स्कॅटरिंग ५.०८ बार्न आहे, ते सगळ्या दिशांना सपाट बॅकग्राउंड बनून पसरतं, आणि थर्मल (खोलीच्या तापमानाएवढ्या ऊर्जेच्या) न्यूट्रॉनसाठी अॅब्सॉर्प्शनही, म्हणजे शोषणही, ५.०८च (टायपो नाही, योगायोग आहे). दोन्ही भिंती मिळून दोनेक टक्के न्यूट्रॉन जातात, डिफ्रॅक्शनला ते चालतं, पण इनइलॅस्टिकसाठी (न्यूट्रॉनची ऊर्जा किती बदलली ते मोजायच्या प्रयोगासाठी) कमजोर सॅम्पल असेल तर अॅल्युमिनियमच घ्या, त्याचं अॅब्सॉर्प्शन ०.२३ बार्न आहे आणि बॅकग्राउंडही गप्प बसतं.

बनावट ठीक आहे, शिवण नीट आहे, पण पहिल्याच दिवशी स्क्रू आवळताना अंगठा टेकला आणि भिंतीला खळगा पडला. सोबत दिलेली इंडियमची तार इतकी तोकडी की टोकं एकमेकांना भेटेनात, स्वतःच्या रिळातली कापून घातली. इंडियम १९४ बार्न खातं, म्हणून झाकणाचा भाग बीममधे येऊ देऊ नका, वर कॅडमियमचा पत्रा गुंडाळा. अर्धा मिलिमीटर पत्र्यातून थर्मल न्यूट्रॉन हजारात तीनच पार होतात, शिवाय तो कात्रीने कापता येतो (हातमोजे घालून, विषारी आहे तो). धुवायला अॅसिटोन, मग नीट वाळवा, कारण आत जरा ओलावा राहिला की हायड्रोजनचे ८० बार्न सगळ्या पॅटर्नवर धुकं पसरवतात. नायट्रिक अॅसिडच्या भानगडीत पडू नका, डाग जाण्याऐवजी डबीच विरघळायची.

आता माझी चूक. तिसऱ्या वेळी कोबाल्टची पावडर होती, मी आपली सवयीने ६ मिमीची डबी काठोकाठ भरली आणि वेव्हलेंग्थ घेतली २.४ अँगस्ट्रॉम. कोबाल्टचं अॅब्सॉर्प्शन टेबलात ३७ बार्न लिहिलेलं असतं पण ते १.८ अँगस्ट्रॉमचं, न्यूट्रॉन हळू झाला की त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे इथे ५० झालं. काउंट्स येईनात, अर्धा दिवस डिटेक्टरवर संशय घेण्यात घालवला, शेवटी कागदावर हिशोब मांडला तेव्हा कळलं की डबीच्या मधोमध बीमचा जेमतेम सहावा हिस्सा पार होतोय. तीच पावडर ३ मिमीच्या डबीत घातली असती तर चाळीस टक्के गेला असता. दोष डबीचा नाही, म्हणून स्टार कापला तो फक्त तारेसाठी, पाचपैकी चार.

आणि हो, व्हॅनेडियम स्वतः अॅक्टिव्ह (किरणोत्सर्गी) होतं पण अर्धायुष्य पावणेचार मिनिटं, चहा पिऊन येईपर्यंत थंड. आतल्या कोबाल्टचं मात्र सव्वापाच वर्षं. डबी अजून रेडिएशन सेफ्टीवाल्यांच्या कपाटात आहे, मी दुसरी मागवलीय, ३ मिमीची.