चेनरिंग वाचवायची की बदलायची? खानापूर-जांबोटीच्या वाटांसाठी तिहेरी, बॅश गार्ड आणि सिंगल

बेळगावातून जांबोटी-कणकुंबीकडे निघालं की लाल माती आणि जांभा, बैलहोंगल-सौंदत्तीकडे वळलं की काळं रान. माउंटन बाईकच्या चेनरिंगला (पॅडलपाशी चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राला) त्रास दोन्हीकडे होतो, पण वेगळा. पश्चिमेला ती आपटते, पूर्वेला चिखलानं जाम होते. म्हणून दुकानदारानं ‘सगळीकडे हीच चालेल’ म्हटलं तर जरा थांबा, आपण जास्त कुठं चालवतो ते आधी ठरवा.

आपटण्याचं आधी बघू. भरधाव उतारावर चेनरिंग क्वचितच आपटते. आपटते ती हळू जाताना: खाचराचा बांध ओलांडताना, वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यावर, चिऱ्याच्या खाणीच्या कडेला सुटलेल्या पायरीवर. पुढचं चाक पलीकडे गेलेलं असतं, मागचं अजून अलीकडे असतं आणि आपल्या वजनासकट सायकल मधोमध टेकते. चेनरिंगच्या खालच्या, पुढच्या भागावर तेव्हा चेन बसलेली असते, म्हणजे पहिला मार चेनच खाते. वाकलेला दाता डोळ्याला दिसतो. वाकलेली कडी दिसत नाही आणि पुढच्या चढावर जोर लावला की नेमकी तीच तुटते. अशी धडक बसली की उतरायचं, मागचं चाक उचलून क्रँक (पॅडलचा दांडा) सावकाश फिरवायचा. प्रत्येक फेऱ्याला चेनरिंगच्या एकाच जागी चेन वर उचलली गेली तर दाता वाकलाय. मागच्या डिरेलरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) छोट्या चाकांवरून जाताना एखादी कडी टुणकन उडाली तर चेन बघायला हवी.

आता माप. ४२ दात्यांच्या चेनरिंगचा व्यास साधारण १७० मिलिमीटर, ३२ दात्यांच्या चेनरिंगचा १३०. म्हणजे ४२ काढून टाकली तर काहीही न लावता खाली २० मिलिमीटर जागा मिळते. ३२ वरून ३० वर आलात तर मात्र जेमतेम ४. त्यामुळे ‘दगडाला लागते’ म्हणून ३२ ची ३० करण्यात फारसा अर्थ नाही. ३० घ्यायची ती चढासाठी.

जुन्या सायकलींवर सहसा पुढं ४२-३२-२२ अशी तिहेरी, म्हणजे तीन चेनरिंगा असतात. तिला आता कुणी विचारत नाही, पण पुढं २२ आणि मागच्या चाकावर ३४ दात्यांचं चक्र लावलं की राजहंसगडाचा चढसुद्धा बसल्या बसल्या निघतो. शिवाय चेन ३२ वर असताना बाहेरची ४२ दगडाचा मार स्वतःवर घेते. पण तिचे दाते एकदा वाकले की ती गिअर म्हणून गेली, आणि कच्च्या वाटेवर ती वापरतो तरी कोण? तिहेरीचं खरं दुखणं पावसाळ्यात कळतं. लाल चिखल चेनमध्ये बसला, त्यात २२ चे दाते झिजलेले असले की चेन खालून सुटतच नाही. दात्यांना धरून वर येते आणि चेनरिंग व फ्रेमच्या मधे अडकते. तशातच पॅडल दाबलं तर फ्रेमवर चरे पडतात.

घरात अशी तिहेरी असेल तर माझं मत सरळ आहे: ४२ काढा, तिच्या जागी बॅश गार्ड (बिनदात्याची संरक्षक चकती) बसवा आणि ३२-२२ वर राहा. सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. अट एकच, चेनरिंगा बोल्टच्या हव्यात. स्वस्त क्रँकवर त्या रिव्हेटनं ठोकलेल्या असतात. तिथं काही सुटत नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो. बोल्टच्या असतील तर बहुतेक वेळा चार बोल्टचं, १०४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचं माप निघतं, पण घेण्याआधी मोजलेलं बरं. गार्ड ३२ पेक्षा थोडा मोठाच असावा लागतो, त्यामुळे मघाच्या २० मिलिमीटरांपैकी काही परत जातात. ते चालतं, कारण आता दगडाला दाते नाही, गार्ड लागतो. पॉलिकार्बोनेटचा गार्ड जांभ्यावरून घसरून जातो, ॲल्युमिनियमचा कधी कधी रुततो, पण तडकत नाही. मी पॉलिकार्बोनेटचा घेईन. बसवून झालं की पुढच्या डिरेलरचा बाहेरच्या हद्दीचा स्क्रू आत घ्यायला मेस्त्रीला आठवणीनं सांगा, नाहीतर तो चेन गार्डवर चढवायला बघेल.

सिंगलचं आकर्षण मोठं आहे आणि ते खोटं नाही. पुढं एकच चेनरिंग, तीसुद्धा एक दाता जाड एक बारीक अशी, त्यामुळे चेन सहज उडत नाही. मागच्या डिरेलरला क्लच असेल तर खडबडीत उतारावर चेनचं फडफडणंही कमी होतं. पुढचा डिरेलर गेला, चिखल अडकायची एक जागा कमी झाली. पण सिंगल करताना बरेच जण मागं ११-४२ (सगळ्यात लहान चक्र ११ दात्यांचं, मोठं ४२ चं) लावून मोकळे होतात आणि मग पहिल्याच उभ्या चढावर गुडघे बोलायला लागतात. हिशेब बघा. २२ ला ३४ म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात चाकाचा ०.६५ फेरा. ३२ ला ४२ म्हणजे ०.७६. ३२ ला ४६ केलं तरी ०.७० च. ३२ ला ५१ केल्यावर कुठं ०.६३ वर येतो. नव्या सायकलवर तर चाकही मोठं असतं. २६ इंची चाकावर २२-३४ ला एका फेऱ्यात सायकल साधारण १.३४ मीटर पुढं जाते. २९ इंची चाकावर ३२-५१ ला १.४३ मीटर, आणि तोच १.३४ चा हलकेपणा हवा असेल तर ३०-५१. जुन्या २६ इंचीवर चढ चढायची सवय असलेल्यानं नव्या २९ इंचीला ३० चीच चेनरिंग घ्यावी. डांबरी रस्त्यावरचा वेग जाईल ही भीती फार बाळगू नका. ३०-११ ला मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. वेंगुर्ला रोडला याहून जास्त लागणाऱ्यानं रोड बाईक घ्यावी.

सिंगलचा खर्च चेनरिंगमध्ये नसतो, मागं असतो. आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असेल तर अख्खं मागचं चाकच बदलायची तयारी ठेवा. मागच्या चाकाचा हब (मधला तुंबा) साधा हायपरग्लाइड असेल तर शिमानो देओरेची ११ स्पीडची ११-५१ कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) त्यावर बसते. १२ स्पीडच्या १०-५१ ला वेगळा, मायक्रो स्प्लाइन हब लागतो. जुना डिरेलर एवढं मोठं चक्र झेपवत नाही, म्हणजे तो आला, शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) आला, चेन आली. नवी सायकलच घेणार असाल तर सिंगल घ्या, यात वाद नाही. जुनीला सिंगल करताना आधी बेरीज करा.

सिंगलला गार्ड लावावा का? ३० किंवा ३२ ची असेल आणि राकसकोप, वैजनाथच्या बाजूच्या नेहमीच्या वाटा असतील तर मी लावणार नाही. बांध आणि ओंडके रोजचे असतील तर लावेन. फ्रेमला क्रँकभोवती तीन भोकांची बैठक असेल तर खालून संरक्षण देणारा गार्ड तिथं बसतो. साध्या हार्डटेलला (मागं सस्पेन्शन नसलेल्या सायकलला) ती सहसा नसते, तेव्हा क्रँकवर बसणारा गार्ड घ्यायचा. त्यात धक्का क्रँक आणि बॉटम ब्रॅकेटवर (क्रँकच्या फ्रेममधल्या बेअरिंगवर) जातो, म्हणून तिथली खडखड अधूनमधून तपासायची.

काळ्या रानाचा नियम उलटा. तिथं गार्ड आणि चेनरिंगच्या फटीत चिकण माती थापली जाते आणि गार्डच अडचण होतो. पूर्वेला चालवणार असाल तर गार्ड नको, सिंगल बरी, आणि खरं तर वाफसा येईपर्यंत सायकल घरीच ठेवा. ओल्या काळ्या मातीत गिअर कुठलाही असो, चाकच फिरत नाही. पश्चिमेलाही एक भान हवं: भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय वाट शोधत शिरू नका.

यातलं काहीही निवडलंत तरी जुनी चेन नव्या चेनरिंगवर चढवू नका. १२ पूर्ण कड्या, म्हणजे २४ पिना, नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. १२ इंच आणि वर एक सोळांश इंच भरलं तर ती अर्धा टक्का ताणली आहे. ११-१२ स्पीडला तिथंच बदलायची, ८-९ स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत चालवता येते. लाल चिखलात ही वेळ अपेक्षेपेक्षा लवकर येते, तेव्हा पावसाळ्यात दर दोन-चार राइडनंतर पट्टी लावून बघा.